मुक्काम टिलीबर्न, साल १८७४

टिलीबर्न फार्म, अ‍ॅबर्डीनशर
६ मे २००३

अहो,

पोहोचले. किंग्ज क्रॉसला तुम्ही माझी बॅग डब्यात ठेवलीत, पाण्याची बाटली हातात दिलीत आणि एक अक्षर न बोलता प्लॅटफॉर्मवर उभे राहिलात. तो चेहरा न्यूकासल येईपर्यंत डोळ्यांपुढून हलला नाही. पुढे गाडी समुद्राच्या काठाने धावायला लागली आणि मी तुम्हाला विसरले. खरं तेच लिहिते आहे.

इथे आल्याआल्या टीव्हीवाल्यांनी सगळ्यांचे फोन आणि घड्याळं काढून घेतली. त्यांच्या कार्यक्रमासाठी सप्टेंबर संपेपर्यंत आम्ही १८७४ सालात राहायचं. पत्रं लिहायची मुभा आहे, कारण तेव्हाही लोक पत्रं लिहीत. पोस्टमन मात्र आजचाच, लाल व्हॅनमधून येतो. तो आला की कॅमेरा दुसरीकडे वळवतात. मधेच सोडून गेलं तर परत घेणार नाहीत, हा एकच कडक नियम.

या शेतावर त्या साली जी माणसं राहत होती, ती आम्ही व्हायचं आहे. कोणी कोण व्हायचं, हे टोपीत चिठ्ठ्या टाकून ठरलं. डग्लस म्हणून एक डंडीचे बस ड्रायव्हर आहेत, ते झाले शेतकरी, म्हणजे मालक. एडिनबराच्या एका बँकेत मॅनेजर असलेली मोयरा झाली मालकीण. अ‍ॅलेक ग्लासगोच्या जिममध्ये लोकांना व्यायाम शिकवतो. तो झाला नांगऱ्या, हत्तीएवढे दोन घोडे त्याच्या ताब्यात. आणि माझ्या चिठ्ठीत निघालं 'किची डीम'. इथल्या बोलीत स्वयंपाकघरातली पोरगी. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी पोरगी झाले.

तुम्हाला हे आवडणार नाही, ते मला चिठ्ठी उघडतानाच कळलं. पण दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

आमची डायरेक्टर फियोना, चांगली मुलगी आहे. ती म्हणाली, "सुप्रभा, गाईंची तुला सवयच असेल." मी सांगितलं, "बाई, मी गिरगावातली, तिसऱ्या मजल्यावरची. आमच्याकडे दूध आरेच्या केंद्रावरून बाटलीत यायचं." तिला ते इतकं आवडलं की कॅमेऱ्यापुढे पुन्हा बोलायला लावलं. मग मला गोठ्यात नेलं. गाईचं नाव जेसी. काळी, बिनशिंगाची, गाभण आहे, ऑगस्टात विणार. तोवर थोडं दूध देते. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं आणि मी दाराबाहेर आले. हेही टीव्हीवर दिसणार आहे.

फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात आमटीचे डबे आहेत. हिरव्या झाकणाचे आधी संपवा.

तुमची
सुप्रभा

*

पिनर
१५ मे २००३

प्रिय सुप्रभा,

पत्र पोहोचलं. हिरव्या आणि पांढऱ्या, दोन्ही झाकणांचे डबे संपले. कालपासून टोस्ट खातो आहे. तक्रार नाही, माहिती देतो आहे.

गणपती कमिटीच्या मीटिंगला गेलो होतो. सगळ्यांच्या देखत शशिधरने विचारलं, "वहिनींना कुठला रोल मिळाला?" मी म्हणालो, "हिस्टॉरिकल." तो म्हणाला, "वा." पुढे कुणी विचारू नये म्हणून मी मांडवाच्या भाड्याचा विषय काढला.

तुला मी किंग्ज क्रॉसवर काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर भांडण झालं असतं. आता पत्रात बोलतो, म्हणजे तुला मधे तोडता येणार नाही.

मी एकाहत्तर साली इथे आलो तेव्हा व्ही.जे.टी.आय.ची डिग्री खिशात होती. साइटवर पहिल्या दिवशी फोरमनने माझ्या हातात झाडू दिला. त्याला वाटलं, मी त्यासाठीच आलो आहे. मी झाडलं. ड्रॉइंग बोर्डापर्यंत जायला मला वर्ष लागलं. हे सगळं तू मागाहून ऐकलंस, पाहिलेलं नाहीस. आणि आता माझी बायको डोक्याला पांढरी टोपी बांधून एका गोऱ्या बाईची भांडी घासणार, आणि सगळा देश ते सोफ्यावर बसून बघणार. ती बाई खरी मालकीण नाही, हे मला समजतं. पण बघणाऱ्याला काय दिसेल? त्याला वाटेल, बरोबर, हीच यांची जागा.

चिठ्ठी बदलून मागता आली असती. तू मागितलीही नसशील.

बाकी ठीक. बागेत ट्यूलिप संपले. वरणाला पाणी किती घालतात?

कमलाकर

*

टिलीबर्न
१ जून २००३

अहो,

डाळीच्या तिप्पट पाणी. कुकरची शिट्टी झाली की लगेच झाकण ओढू नका.

तुमचं पत्र इथल्या चुलीपाशी बसून वाचलं. इथे पीट जाळतात, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा. धूर असा की तुमच्या पत्रामुळे डोळ्यांत पाणी आलं की त्या धुराने, ते कळलं नाही. झाडूची गोष्ट मी पूर्वी ऐकली होती, पण तुम्ही ती नेहमी हसत सांगायचात.

तुम्ही म्हणता ते मला सुचलं नव्हतं असं समजू नका. पहिल्याच दिवशी मोयराने बैठकीच्या खोलीतून घंटा वाजवली आणि मला उठून जावं लागलं, तेव्हा दारापाशी थांबून मी कोरडेच हात दोनदा एप्रनला पुसले. तिलाही लाज वाटली असावी. तिने नुसतं "थँक्यू" म्हटलं आणि कशासाठी बोलावलं ते विसरलीच.

पण आता दुसरं ऐका. मी बावीस वर्षं स्टेशनच्या तिकीटखिडकीमागे काचेच्या आड बसले. समोरच्या माणसाचे हात तेवढे दिसायचे. इथे मी पहाटे दार उघडते तेव्हा समोर डोंगर असतो, त्याच्या पायथ्याशी ओढा, आणि ससे माझ्याकडे दुर्लक्ष करतात. विहिरीवरून पाणी आणते. अ‍ॅलेकला सकाळी ब्रोज लागतं, म्हणजे ओटच्या पिठावर उकळतं पाणी ओतून कालवायचं, आपलं सातूचं पीठ असतं तसंच, फक्त गुळाशिवाय आणि आनंदाशिवाय. मी त्यात लोणी घालायला लागले तेव्हापासून तो दोनदा मागतो.

आणि जेसी मला दूध देते. पंधरा दिवस मी हात लावला की ती दूध चोरायची. एकदा शेपटीने अशी थोबाडीत मारली की टोपी बादलीत पडली. मग मी तिच्याशी मराठीत बोलायला लागले, कारण इंग्रजीत काय बोलावं ते सुचेना. ती कान मागे करून ऐकते. आता अ‍ॅलेक किंवा डग्लस जवळ गेले तर लाथ मारते. माझ्यापुढे उभी राहते.

परवा उरलेलं लोणी कढवून तूप केलं. फियोना धावत आली, म्हणाली १८७४ साली हे इथे नव्हतं. डग्लसनी तोवर त्यात ओटची भाकरी बुडवली होती. ते म्हणाले, "मालक मी आहे. माझ्या शेतावर आहे."

राहिली गोष्ट भांड्यांची. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी मी तुमच्यापुढे ताट ठेवते आहे आणि नंतर ते घासते आहे. खिडकीवरची शिफ्ट करून आल्यावरसुद्धा. तेव्हा ही कुणाची जागा आहे, असं तुम्ही कधी विचारलं नाहीत. बघायला देश नव्हता म्हणून असेल.

सुप्रभा

*

पिनर
२४ जून २००३

प्रिय सुप्रभा,

तुझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद चार वेळा वाचला. आता वरणाबद्दल लिहितो.

तिप्पट पाणी घातलं. शिट्टीनंतर थांबलो. हळद विसरलो, त्यामुळे ते वॉलपेपर चिकटवायच्या खळीसारखं दिसत होतं, पण चव वरणाची होती. दुसऱ्या दिवशी हळद घातली आणि मीठ विसरलो. तिसऱ्या दिवशी दोन्ही आठवलं. त्या दिवशी मी ताट घेऊन बागेत बसलो आणि शेजारच्या मिसेस हॉवर्डना कुंपणावरून सांगितलं की आज डाळ केली आहे. त्या "हाऊ लव्हली" म्हणाल्या. त्या सगळ्यालाच म्हणतात.

श्रद्धाचा लीड्सहून फोन होता. हॉस्पिटलमध्ये तिची रजिस्ट्रारची परीक्षा जवळ आली आहे. तुझ्या गाईबद्दल सांगितलं तर दोन मिनिटं हसत होती.

माझं मत बदललेलं नाही. पण गाय लाथ मारत असेल तर बाजूने जा, मागून जाऊ नको.

कमलाकर

*

टिलीबर्न
१८ जुलै २००३

अहो,

मोठी बातमी आहे. मोयरा गेली.

गेले तीन आठवडे ती खिडकीत बसून एका उशीच्या अभ्र्यावर भरतकाम करत होती. मालकिणीला दुसरं काम नसतं. हिशेब डग्लस बघणार, स्वयंपाक मी करणार, तिने शिवायचं आणि रविवारी चर्चला जायचं. एका सकाळी तिने सुई खाली ठेवली आणि म्हणाली, "मी शंभर माणसांची शाखा चालवते. इथे बसून मी वेडी होईन." अ‍ॅलेकने तिला गाडीतून रस्त्यापर्यंत सोडलं. जाताना तिने मला मिठी मारली आणि माझ्या कानात म्हणाली, "चांगली चिठ्ठी तुलाच मिळाली होती."

मग फियोना आणि दोन मोठे अधिकारी माझ्याकडे आले. म्हणाले, तुम्ही मालकीण व्हा. रेशमी पोशाख, बैठकीची खोली, आणि गावातून एक मुलगी येईल, ती तुमच्या हाताखाली काम करेल. एक भारतीय बाई स्कॉटलंडच्या शेताची मालकीण, हे टीव्हीवर फार छान दिसेल, असं त्यांना वाटत होतं.

मी एक दिवस मागून घेतला. तुमचाच विचार केला, खोटं सांगत नाही. तुम्हाला किती बरं वाटलं असतं. कमिटीत सांगता आलं असतं. तो रेशमी पोशाख अंगाला लावून बघितलासुद्धा. निळा आहे.

आणि मी नाही म्हटलं.

मालकीण गोठ्यात जात नाही. जेसी आता आटली आहे, पोट जमिनीला टेकायला आलं आहे. महिन्याभरात विईल. ती माझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही. आणि बावीस वर्षं खुर्चीवर बसून झाली. आता ही दुसरी खुर्ची, फक्त गादीची. मला नको आहे ती. मी इथे उभी राहायला आले आहे.

डग्लसना आता विधुर केलं आहे. किल्ल्या माझ्या कमरेला आहेत, पण टोपी तीच.

रागवा, पण उत्तर लिहा.

तुमची
सुप्रभा

*

टिलीबर्न
७ ऑगस्ट २००३

अहो,

तुमचं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर.

आजवर तुम्ही मला मराठीतच लिहिलंत, शाईच्या पेनाने. मी माहेरी गेले तरी, श्रद्धाच्या वेळी नागपूरला ताईकडे राहिले तरी. आणि आता कॉम्प्युटरवर टाइप केलेलं, इंग्रजीत. "डिअर सुप्रभा, ऑल वेल. व्हेरी हॉट. डोन्ट वरी. रिगार्ड्स, कमलाकर."

रिगार्ड्स. नवऱ्याकडून बायकोला.

सहीसुद्धा नाही. मी मालकीण व्हायला नकार दिला, त्याची ही शिक्षा असेल तर सरळ लिहायचं होतं. तुम्ही मेमध्ये माझ्याशी भांडलात ते मला आवडलं होतं. भांडताना तुम्ही झाडूची गोष्ट तरी सांगितलीत. ह्या चार शब्दांशी मी कसं भांडू?

इथे गवत कापून झालं. माझे हात असे झाले आहेत की तुम्ही ओळखणार नाही. बहुधा ओळखायचेही नसतील.

सुप्रभा

*

लीड्स
१० ऑगस्ट २००३

प्रिय आई,

मी मराठीत लिहिते कारण तुला आवडतो. चुका असेल तर माफ कर, शनिवारच्या मराठी क्लासमध्ये मी मागे बसायची.

बाबा म्हणाला आईला सांगू नकोस. मी प्रॉमिस केला नाही, फक्त "हं" म्हणाले. म्हणून सांगते. जुलैच्या शेवटी बाबा बागेच्या कुंपणाची हेज कापत होता, शिडीवरून पडला. उजवी मनगट मोडली. ऑपरेशन नाही लागला, फक्त प्लास्टर. मी वीकेंडला जाऊन एक्स-रे बघितला, नीट जुळतंय. डोकं वगैरे ठीक आहे, मी सगळं चेक केला. तो लिहू शकत नाही म्हणून त्याने एका बोटाने टाइप केला.

तो म्हणतो तुला कळलं तर तू येशील आणि मग ते लोक तुला परत घेणार नाही. मला वाटतं हे रोमँटिक आहे. त्याला असं सांगितलं तर तो म्हणाला, "नॉनसेन्स."

मी मंगळवारपासून परत ड्यूटीवर आहे, नाहीतर राहिले असते. शशीकाका रोज येतो. तू ठरव. मी डॉक्टर म्हणून सांगते, यायची गरज नाही. मुलगी म्हणून मला माहीत नाही.

तुझी
श्रद्धा

*

पिनर
१२ ऑगस्ट २००३

प्रिय सुप्रभा,

हे अक्षर बालवर्गातलं वाटेल. डाव्या हाताचं आहे. सकाळी नाश्त्यानंतर बसलो आहे आणि आता जेवायची वेळ होत आली, यावरून ओळख.

श्रद्धाने तुला लिहिल्याचं काल कबूल केलं. तू बॅग भरली असशील. ती रिकामी कर.

आधी 'रिगार्ड्स'चा खुलासा. ऑफिसचं एक जुनं पत्र कॉम्प्युटरमध्ये होतं, त्यातला मजकूर पुसून त्यावर टाइप केलं. खालचं 'रिगार्ड्स' आणि नाव पुसायचं राहिलं. ते पत्र ड्रेनेजच्या पाइपांबद्दल होतं.

आता खरं सांगतो. तू मालकीण व्हायला नाही म्हणालीस हे वाचून मला राग आला. राग आला की मला हेज कापायला सुचतं, तुला माहीतच आहे. मी शिडीवर चढून तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होतो. माझा मुद्दा फार चांगला होता. तो मांडता मांडता मी हात हवेत उडवला आणि शिडी राहिली एकीकडे, मी दुसरीकडे.

मिसेस हॉवर्डनी शशिधरला फोन केला. तो मला हॉस्पिटलच्या ए अँड ईत घेऊन गेला आणि तेव्हापासून रोज डबा घेऊन येतो. भयंकर ऊन आहे, इतकं की बातम्यांत दुसरं काही नाही. तो घामाघूम होऊन येतो, ताट वाढतो, भात कालवून देतो, खाऊन झालं की ताट घासतो. पहिल्या दिवशी मला कसंसंच झालं. मी म्हटलं, "अरे, राहू दे." तो म्हणाला, "गप जेव." मला तो काही नोकर वाटला नाही. मला तो माझा मित्र वाटला. हे मी तीन दिवस जेवताना बघत होतो, आणि मग तुझं जूनचं पत्र पुन्हा काढलं.

त्यालाही सांगून टाकलं की तू कामवालीच्या रोलमध्ये आहेस. तो म्हणाला, "माहीत आहे. वहिनींनी पहिल्याच आठवड्यात मला पोस्टकार्ड टाकलं होतं, तुझ्यावर लक्ष ठेवायला सांगायला." मग मीटिंगमध्ये का विचारलंस, तर म्हणे, तू काय सांगतोस ते बघायचं होतं.

तू आलीस तर मी दार उघडणार नाही. डाव्या हाताने तो लॅच उघडतही नाही. गाईजवळ थांब.

तुझा
कमलाकर

*

टिलीबर्न
१८ ऑगस्ट २००३

अहो,

बॅग खरंच भरली होती. फियोनाने टॅक्सी सांगितली होती. ती रडत होती, डग्लस अंगणात फेऱ्या मारत होते. तेवढ्यात लाल व्हॅन आली आणि तुमचं ते वाकडंतिकडं पत्र. मी अंगणातच उभ्याने वाचलं. ड्रेनेजच्या पाइपांपाशी पोहोचले तेव्हा इतकी हसले की फियोनाला वाटलं, मला काही झालं.

टॅक्सी परत पाठवली. काल सकाळी जेसी व्यायली.

कायद्याने गुरांचा डॉक्टर हजर असावा लागतो, म्हणून आजच्या काळातला एक व्हेट गोठ्याबाहेर व्हॅनमध्ये सँडविच खात बसला होता. पुढचे पाय दिसले आणि मग तासभर काहीच होईना. अ‍ॅलेकने दोर बांधून ओढायला घेतलं, मी तिच्या डोक्याशी बसले आणि तिला सगळं सांगितलं. तुमची शिडी, शशीभाऊजींचा डबा, श्रद्धाची परीक्षा. सगळं मराठीत. व्हेट आत येऊन दारात उभा राहिला, पण त्याला हात लावावा लागला नाही. वासरू बाहेर आलं ते थेट अ‍ॅलेकच्या मांडीवर. तो एवढा धिप्पाड मुलगा, खाली बसून हुंदके देत होता.

कालवड आहे. पूर्ण काळी. डग्लस म्हणाले, नाव सुप्रभाने ठेवायचं. मी 'पिनर' ठेवलं. आता दिवसातून चार वेळा ह्या डोंगरात "पिनर, पिनर" अशी हाक ऐकू येते.

तेरा सप्टेंबरला ओटची कापणी संपल्याचं जेवण आहे. घरच्या माणसांना बोलावलं आहे. प्लास्टर निघालं असेल तर याल का? त्या काळचे कपडे घालावे लागतील, आणि कॅमेरा असेल. आधीच सांगते. नाही आलात तरी मी समजेन.

तुमची
सुप्रभा

*

टिलीबर्न
१५ सप्टेंबर २००३

प्रिय श्रद्धा,

तुला ड्यूटीमुळे येता आलं नाही म्हणून सगळं सविस्तर लिहिते. सोपं लिहीन. अडलं तर बाबांना विचार, पण ते खरं सांगतील याची खात्री नाही.

बाबा शनिवारी दुपारी आले. रस्त्यापर्यंत मोटारीने, तिथून अ‍ॅलेकच्या घोडागाडीने. त्यांना उंच कॉलरचा शर्ट आणि काळा कोट घातला होता. कोट कुणा मोठ्या माणसाच्या मापाचा असावा, बाह्यांतून नुसती बोटं दिसत होती. ते गाडीतून उतरले आणि अंगणात उभे राहिले. मी स्वयंपाकघराच्या दारात, टोपी, एप्रन, कोपरापर्यंत पीठ. चार महिन्यांनी आम्ही एकमेकांना बघत होतो आणि मधे कॅमेरा. मला त्यांची भीती वाटली, खरंच सांगते. ते ताठ उभे होते, किंग्ज क्रॉसवर होते तसेच.

मग ते जवळ आले. माझा हात हातात घेऊन उलटा केला, तळव्याला पडलेले घट्टे बघितले. एवढंच म्हणाले, "डाळीला हळद मी आता आधीच घालतो."

जेवण धान्याच्या कोठारात होतं. लांब टेबल मांडलं होतं. एका टोकाला मालक आणि त्यांचे पाहुणे, दुसऱ्या टोकाला दाराजवळ आम्ही कामाची माणसं, त्या काळी बसत तसे. फियोनाने बाबांची खुर्ची डग्लसच्या शेजारी ठेवली होती. ती सगळ्या पाहुण्यांना कॅमेऱ्यापुढे उभं करून विचारत होती, तुम्ही कोण, कुठून आलात. डग्लसच्या मेहुण्याने सांगितलं, मी प्लंबर. अ‍ॅलेकची आई म्हणाली, मी शाळेत स्वयंपाक करते. मग बाबांची पाळी आली.

मी बार्लीच्या सुपाचं पातेलं घेऊन मधेच थांबले. मला वाटलं, आता चार्टर्ड इंजिनिअर, अमुक पूल, तमुक बोगदा, सगळं येणार. आलं असतं तर मी काही मनावर घेतलं नसतं. ते त्यांनी कष्टाने मिळवलेलं आहे.

बाबांनी घसा साफ केला. इंग्रजीत म्हणाले, "माझं नाव कमलाकर. मी किचन-मेडचा नवरा." फियोना पुढे काही येईल म्हणून थांबली. बाबा म्हणाले, "एवढंच." आणि खुर्ची उचलून, म्हणजे डाव्या हाताने ओढत, अख्ख्या कोठाराची लांबी ओलांडून दाराजवळ आमच्या टोकाला आणून ठेवली. फरशीवर तिचा असा आवाज झाला की सगळे बघायला लागले. अ‍ॅलेकने सरकून जागा केली.

मी सूप वाढलं. थोडं त्यांच्या कोटावर सांडलं. ते म्हणाले, "असू दे, माझा नाही." जेवण झाल्यावर ते उठून माझ्याबरोबर भांडी धुवायला आले. मनगट अजून अवघडलेलं आहे, म्हणून धुतली मी आणि पुसली त्यांनी. फियोनाने ते काही चित्रित केलं नाही. तिची बॅटरी संपली होती म्हणाली. मला वाटतं, संपली नव्हती.

पण तुला हे सगळं सांगायला मी बसले ते पुढच्यासाठी.

रविवारी सकाळी मी दूध काढून आले तर बाबा अंगणात डग्लसपुढे उभे. टोपी हातात धरलेली. त्या काळी कामवाल्या मुलीला कुणी बाहेर न्यायचं असेल तर मालकाची परवानगी लागायची, हे त्यांना अ‍ॅलेकने सांगितलं होतं. बाबा अगदी गंभीरपणे म्हणाले, "सर, दुपारी तुमच्या किचन-मेडला फिरायला नेऊ का? माझा हेतू चांगला आहे." डग्लसनी बाबांना डोक्यापासून पायांपर्यंत बघितलं. त्यांनी आयुष्यभर बस चालवली आहे, पण असा मालक मी पाहिला नाही. म्हणाले, "मुलगी चांगली आहे. अंधार पडायच्या आत परत आणायची."

श्रद्धा, आमचं लग्न दोन्ही घरच्या मोठ्यांनी ठरवलं. बाबा इथून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आले होते. एकदा पाहायला आले, पोहे झाले, त्यांनी माझं शिक्षण विचारलं, मी त्यांच्या बुटांकडे बघून सांगितलं. पुढच्या रविवारी साखरपुडा. हिला फिरायला नेऊ का, असं कुणाला विचारावं लागलं नाही, आणि मला कुणी फिरायला नेलंही नाही. लग्नानंतर आम्ही चाललो ते स्टेशनपर्यंत, दुकानापर्यंत, तुझ्या शाळेपर्यंत.

मी टोपी काढली, केस विंचरले. मालकिणीच्या कपाटातला तो निळा पोशाख आठवला, पण माझाच करडा झगा घातला. बाबा फाटकाशी वाट बघत होते. मला लांबून येताना पाहून त्यांनी कोटाची बटणं लावली.

आम्ही कापलेल्या शेतातून ओढ्यापर्यंत गेलो, ओढा ओलांडून डोंगराच्या कडेने वर. ऊन छान होतं. दोनदा बसलो. त्यांच्या कोटाच्या खिशात ओटच्या दोन भाकऱ्या होत्या, अ‍ॅलेकने दिलेल्या.

काय बोललो ते तुला सांगणार नाही.

तुझी
आई